पाऊस आला की नाही? : ‘गाईड’ची कादंबरी, चित्रपट आणि दोन तऱ्हांचे प्रेक्षक



भाषेच्या शिक्षकाच्या स्मृतिप्रीत्यर्थ होणाऱ्या व्याख्यानात चित्रपटाचा विषय कशाला, असा प्रश्न आपल्यापैकी काहींच्या मनात आला असेल. प्रश्न रास्त आहे. परंतु ज्यांच्या नावाने ही व्याख्यानमाला चालते, त्या गुरुवर्यांनी आयुष्यभर मुलांना वाचायला शिकवले. आणि आज एखादी कादंबरी मुलाच्या हाती पडते, तेव्हा पुष्कळदा तिच्यावरचा चित्रपट त्याने आधीच पाहिलेला असतो. पुस्तक उघडण्यापूर्वीच नायकाचा चेहरा ठरलेला, नायिकेचा आवाज ठरलेला, शेवटही ठरलेला. अशा वाचकाला काय शिकवायचे, हा प्रश्न भाषेच्या शिक्षकाचाच आहे. म्हणून आज मी एका कादंबरीविषयी आणि तिच्यावर निघालेल्या एका गाजलेल्या चित्रपटाविषयी बोलणार आहे. कादंबरी आहे आर. के. नारायण यांची ‘द गाईड’, १९५८ सालची; आणि चित्रपट आहे विजय आनंद यांनी दिग्दर्शित केलेला ‘गाईड’, १९६५ सालचा.

हीच जोडी निवडण्याला कारण आहे. चित्रपटात देव आनंद आणि वहिदा रेहमान, सचिनदेव बर्मन यांचे संगीत, शैलेंद्र यांची गीते, फली मिस्त्री यांचे छायाचित्रण. आणि सोबतीला किशोर साहू, आपल्या शेजारच्या धारवाडात जन्मलेल्या लीला चिटणीस, गजानन जागीरदार. एवढी मोठी मंडळी एकत्र आली, चित्रपट लोकांनी डोक्यावर घेतला, आणि तरीही ज्याची कथा, त्या लेखकालाच तो आवडला नाही. नारायण यांनी आपली नाराजी लेख लिहून उघडपणे मांडली. ‘वाट चुकलेला गाईड’ अशा अर्थाचे त्याचे शीर्षकच पुरेसे बोलके होते. तेव्हापासून या चित्रपटाच्या प्रेक्षकांत दोन तट आहेत. एक म्हणतो, हिंदी चित्रपटसृष्टीने दिलेल्या मोजक्या थोर कृतींपैकी ही एक. दुसरा म्हणतो, एका नितांतसुंदर कादंबरीचा हा घात आहे. मला या दोहोंपैकी एका तटाची वकिली करायची नाही. दोन्ही तट ज्या गोष्टीवरून भांडतात, ती खरी भांडणाची गोष्ट नव्हे, एवढेच मला दाखवायचे आहे.

प्रथम कादंबरीकडे वळू. नारायण यांचा जन्म १९०६ साली मद्रासचा, पण आयुष्याची बरीच वर्षे गेली म्हैसुरात. घरची भाषा तमिळ, भोवतालची कन्नड आणि लिहायची इंग्रजी. घरात एक भाषा, बाजारात दुसरी आणि कचेरीत तिसरी हा संसार कसा असतो, हे बेळगावकरांना समजावून सांगण्याची गरज नाही. या लेखकाने मालगुडी नावाचे एक गाव कल्पिले. नकाशावर ते कुठेच नाही. परंतु सरयू नदी, मेंपीचे डोंगर आणि रेल्वेचे स्टेशन यांसह ते वाचकाच्या मनात इतके पक्के बसते की, म्हैसूरच्या गाडीत बसले तर वाटेत कुठेतरी ते लागेल असे वाटावे.

या मालगुडीच्या स्टेशनावर राजूचे दुकान आहे. येणारे-जाणारे प्रवासी त्याला काहीबाही विचारतात आणि राजूचा एक स्वभावविशेष असा की, ‘मला ठाऊक नाही’ हे शब्द त्याच्या तोंडून कधी निघत नाहीत. ठाऊक असो वा नसो, उत्तर तयार! त्यातूनच तो वाटाड्या होतो. हा विशेष ध्यानात ठेवावा, कारण साऱ्या कादंबरीची किल्ली इथे आहे. पुढे रोझी आणि तिचा नवरा मार्को हे जोडपे येते. रोझी देवदासींच्या कुळातली, एम. ए. झालेली आणि नृत्यासाठी जीव टाकणारी. मार्को लेण्यांतल्या चित्रांत बुडालेला. राजू आणि रोझी जवळ येतात, नवरा तिला सोडून निघून जातो, राजू तिला नर्तकी म्हणून नावारूपाला आणतो, तिच्या पैशावर चैन करतो आणि अखेरीस तिची खोटी सही केल्याबद्दल दोन वर्षांसाठी तुरुंगात जातो. सुटल्यावर नदीकाठच्या एका ओसाड देवळात तो बसलेला असताना वेलन नावाचा खेडूत त्याला साधू समजतो. राजूला फुकटचे जेवण मिळते. तो नाही म्हणत नाही. मग दुष्काळ पडतो, एक निरोप चुकीचा पोहोचतो आणि पावसासाठी स्वामी उपोषण करणार अशी वार्ता पसरते. राजू घाबरून वेलनला आपली सारी खरी कहाणी सांगून टाकतो. वेलनची श्रद्धा तिळमात्र ढळत नाही. आणि मग, टाळता येत नाही म्हणून सुरू झालेल्या त्या उपोषणात एके क्षणी राजूला वाटते की, हे आपण मनापासून का करू नये? ज्यात आपला काहीही लाभ नाही असे काम तो आयुष्यात प्रथमच करू लागतो.

शेवट असा होतो : खंगलेला राजू नदीच्या पात्रात उभा आहे, दोघे त्याला धरून आहेत. तो वेलनला सांगतो की, डोंगरात पाऊस पडतो आहे, तो आपल्याला पायांपाशी जाणवतो आहे. एवढे बोलून तो खाली ढासळतो. कादंबरी संपते. पाऊस खरोखर आला का? राजू मेला का? लेखक एक अक्षर बोलत नाही. ज्याने जन्मात कधी ‘ठाऊक नाही’ म्हटले नाही, त्या माणसाचे शेवटचे वाक्य खरे की खोटे, हेच कुणाला ठाऊक होत नाही. ते एका साधूचे अंतर्ज्ञान असेल, उपाशी देहाचा भ्रम असेल, किंवा समोरच्याला ऐकायचे तेच ऐकवण्याची वाटाड्याची जुनी सवयही असेल. तिन्ही अर्थ शक्य आहेत आणि तिन्ही एकाच वेळी शक्य आहेत. १९६० चा साहित्य अकादमी पुरस्कार या कादंबरीला मिळाला.

या शेवटाचे मोल कळण्यासाठी एक गोष्ट सांगायला हवी. नारायण यांनी आपल्या आत्मचरित्रात या कादंबरीचे बीज कुठे सापडले ते नोंदवले आहे. म्हैसूर भागात एकदा भीषण अवर्षण पडले, कृष्णराजसागराचा तळ उघडा पडला. तेव्हा नगरपालिकेने पर्जन्यासाठी अनुष्ठान बसवले. ब्राह्मणांचा एक गट कावेरीच्या कोरड्या पात्रात मोठ्या खर्चाने आणलेल्या पाण्यात गुडघाभर उभा राहिला आणि उपवास करून अकरा दिवस जप करीत राहिला. बाराव्या दिवशी पाऊस पडला. म्हणजे पाहा, प्रत्यक्षात पाऊस पडला होता! लेखकाच्या हाती तयार शेवट होता आणि तो सत्य घटनेचा शेवट होता. तरी कादंबरी लिहिताना नारायण यांनी तो पाऊस काढून घेतला आणि त्याच्या जागी एक शंका ठेवली. वास्तवाने दिलेली खात्री त्यांनी जाणूनबुजून नाकारली. चित्रपटाने तो पाऊस परत आणला.

आता चित्रपटाकडे. निर्मिती नवकेतनची आणि बेत दुहेरी : एक इंग्रजी चित्रपट आणि एक हिंदी. इंग्रजीची पटकथा नोबेल पारितोषिक मिळवलेल्या पर्ल बक आणि दिग्दर्शक टॅड डॅनिएलेव्स्की यांची. तो चित्रपट अमेरिकेत चालला नाही. हिंदीसाठी विजय आनंद यांनी पटकथा स्वतंत्रपणे लिहिली. नारायण यांचा लेख वाचताना त्यांचे दुःख कळते. त्यांनी चित्रपटवाल्यांना म्हैसूरच्या आसपासची ठिकाणे हौसेने हिंडून दाखवली. नदी, घाट, डोंगर, देऊळ, सारे डोळ्यांसमोर होते. आणि मग कळले की, चित्रण राजस्थानात व्हायचे आहे. रंगीत पडद्याला मोठे दृश्य हवे, राजवाडे हवेत, किल्ले हवेत. मालगुडीचा वाटाड्या उदयपूरचा आणि चितोडचा झाला. लेखकाने विचारले, माझे मालगुडी कुठे आहे? उत्तराचा मथितार्थ असा की, तुमचे मालगुडी आम्ही मोठे करीत आहोत.

या उत्तरातली सहजता मनाला टोचते. ज्या भागातल्या माणसांना आपल्या गावाचे नाव, आपल्या शाळेची भाषा आणि आपल्या दारावरची पाटी यांसाठी वर्षानुवर्षे झगडावे लागले आहे, त्यांना ती अधिक टोचेल. एखाद्याचे गाव ‘मोठे करण्यासाठी’ ते दुसरीकडे उचलून नेता येते, हा विचार मुळातच उद्धट आहे. नारायण यांची तक्रार इथपर्यंत पूर्ण न्याय्य आहे.

तरीही गाव बदलले म्हणजे कलाकृती नासलीच, असे म्हणता येणार नाही. याच लेखकाच्या कथांवरून १९८० च्या दशकात दूरदर्शनवर आलेली ‘मालगुडी डेज’ ही मालिका आठवावी. शंकर नाग यांनी ती शिमोगा जिल्ह्यातल्या आगुंबे येथे चित्रित केली आणि तिच्यासाठी रेखाचित्रे काढली नारायण यांचे धाकटे बंधू आर. के. लक्ष्मण यांनी. ती मालिकाही हिंदीत होती. मालगुडीची माणसे हिंदी बोलताना पाहून कुणाला खटकले नाही. कारण त्यांचा संकोच, त्यांचे लहानसे हट्ट, त्यांची चाकोरी, सारे जागच्या जागी होते. तेव्हा भाषा बदलल्याने मूळ कृती मरत नाही. स्थळ बदलल्याने तिला जखम होते, पण तीही प्राणघातक नसते. तिचा प्राण दुसरीकडे असतो.

दुसरा मोठा बदल मार्कोच्या बाबतीत आहे. कादंबरीतला मार्को दुष्ट नाही, तो फक्त उदासीन आहे. रोझी स्वतः त्याला राजूविषयी सांगते आणि मग तो तिला मागे टाकून आगगाडीत बसतो. चित्रपटात हा माणूस कठोर आणि स्वतःच बाहेरख्याली होतो आणि रोझी त्याला सोडून बाहेर पडते. कारण उघड आहे. देव आनंद हे परक्याची बायको फूस लावून नेणारे म्हणून दिसू नयेत आणि प्रेक्षकांची सहानुभूती नायिकेपासून ढळू नये. कादंबरीच्या अभिमान्यांना हा बदल भ्याडपणाचा वाटतो. नवरा खलनायक ठरवला की पुढचे सारे सोपे होते, ही त्यांची टीका खोटी नाही.

पण त्याच बदलाची दुसरी बाजू पाहावी. कादंबरीत रोझीविषयी आपल्याला जे कळते, त्यातले बहुतेक राजूच्या तोंडून कळते. तो सांगेल तेवढीच रोझी. तिच्या मनात नवऱ्याविषयी काय आहे, नृत्याविषयी काय आहे, हे राजूलाही नीट उमगत नाही आणि म्हणून आपल्यालाही नाही. चित्रपटाच्या कॅमेऱ्याला मात्र राजूची परवानगी लागत नाही. तो थेट रोझीकडे पाहतो. वहिदा रेहमान स्वतः भरतनाट्यम शिकलेल्या. चितोडच्या किल्ल्यावर बंधन झुगारून धावणारी, गाणारी ती स्त्री ज्यांनी पाहिली, त्यांना हे सांगायला नको की, १९६५ सालच्या हिंदी पडद्यावर एका विवाहित स्त्रीने घर सोडून निघणे आणि त्याबद्दल तिला शिक्षा न होणे, ही केवढी गोष्ट होती. नवरा तिला टाकून जात नाही; तीच चालू लागते. मुलींच्या वर्गात ही कादंबरी शिकवणाऱ्या कुणालाही हा फरक क्षुल्लक वाटणार नाही. इथे चित्रपटाने कादंबरीला काही दिले आहे आणि ते मान्य केल्याने कादंबरीचा अपमान होत नाही.

तेव्हा स्थळावरून भांडणारे आणि मार्कोवरून भांडणारे या दोघांनाही अर्धा न्याय द्यावा लागतो. आता प्राणाचा प्रश्न.

चित्रपटाच्या शेवटी देवळासमोर लोटलेला जनसमुदाय आहे. आई आलेली आहे, रोझी आलेली आहे. कादंबरीत यांपैकी कुणीही येत नाही.  मृत्यूच्या उंबरठ्यावर राजूचा स्वतःशी संवाद होतो, देह आणि आत्मा समोरासमोर येतात. आणि मग आकाश फुटते. पाऊस कोसळतो, लोक नाचतात, राजू प्राण सोडतो. हे दृश्य प्रभावी आहे यात शंका नाही. देव आनंद यांच्या साऱ्या कारकिर्दीत याहून गंभीर काम शोधावे लागेल. परंतु इथे वाटाड्याचे शेवटचे वाक्य तपासले गेले आणि खरे ठरले. जे कुणालाच ठाऊक नव्हते, ते आता सर्वांना ठाऊक झाले.

असे का झाले? दिग्दर्शकाला कादंबरी कळली नव्हती म्हणून? मुळीच नाही; विजय आनंद यांची समज पटकथेच्या पानोपानी दिसते. माझ्या मते याचे उत्तर ताऱ्याच्या स्वभावात आहे. नट आणि तारा यांत फरक असतो. नटाला आपण त्या भूमिकेत प्रथम पाहतो. ताऱ्याशी आपली ओळख जुनी असते. १९५१ च्या ‘बाजी’पासून प्रेक्षक देव आनंद यांना ओळखत होते. असा चेहरा पडद्यावर उपाशी, मरणासन्न पडलेला असताना ‘हा कदाचित आताही थाप मारीत असेल’ ही शंका त्याच्याविषयी घेणे प्रेक्षकाला शक्य नसते. कादंबरीतल्या राजूवर आपण प्रेमही करतो आणि अविश्वासही दाखवतो. ताऱ्यावर आपण फक्त प्रेम करतो. म्हणून त्याच्या त्यागाची पावती द्यावीच लागते आणि चित्रपटात ती पावती म्हणजे पाऊस. ज्या क्षणी एवढा मोठा तारा या भूमिकेसाठी ठरला, त्या क्षणी हा शेवटही ठरला होता, असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही.

यात प्रेक्षकाला हिणवण्याचा हेतू नाही. आपल्या जिल्ह्यापुरते बोलायचे तर खानापुरात पावसाने जीव नकोसा होतो आणि अथणीकडचा शेतकरी आभाळाकडे डोळे लावून बसतो. अशा शेतकऱ्याने हा चित्रपट पाहिला आणि शेवटच्या पावसात त्याचे डोळे भरून आले, तर त्याला कलेचे नियम सांगायला जाणारा समीक्षक मूर्ख म्हणावा लागेल. पाऊस हवा असणे ही काही उथळ अभिरुची नव्हे.

पण त्याच शेतकऱ्याच्या बाजूने एक प्रश्न विचारावासा वाटतो. ज्या वर्षी पाऊस येत नाही त्या वर्षी काय? चित्रपटाचे म्हणणे असे होते की, त्याग खरा असेल तर आभाळ उत्तर देते. मग जिथे आभाळाने उत्तर दिले नाही, तिथला त्याग खोटा होता काय? उपवास करणारे कमी पडले काय? कादंबरी या सापळ्यात अडकत नाही. तिच्यात राजूच्या शेवटच्या दिवसांचे मोल पावसावर अवलंबून नाही. एका लबाड माणसाने एकदा तरी स्वतःसाठी नसलेले काही मनापासून केले, एवढे घडले आहे. पाऊस आला तरी ते घडले आहे आणि न आला तरी ते पुसले जात नाही. ज्यांच्या वाट्याला उत्तर न आलेली वर्षे अधिक आली, त्यांना हा शेवट अधिक धीर देईल असे मला वाटते. तो कठोर दिसतो, पण त्यात माणसाचा मान अधिक राखलेला आहे.

या साऱ्यातला एक विरोधाभास सांगण्यासारखा आहे. या चित्रपटाला सात फिल्मफेअर पुरस्कार मिळाले. त्यांत उत्कृष्ट कथेचाही पुरस्कार होता आणि तो मिळाला आर. के. नारायण यांना! ज्या रूपात आपली कथा आपल्याला ओळखू येत नाही असे लेखक म्हणतो, त्याच रूपाच्या कथेसाठी त्याचा गौरव व्हावा, यावर नारायण यांनीच एखादी मालगुडीची गोष्ट लिहायला हवी होती. पुढे २००१ साली नारायण गेले, २००४ साली विजय आनंद आणि २०११ साली देव आनंद. २००७ साली कान महोत्सवाच्या अभिजात चित्रपटांच्या विभागात ‘गाईड’ दाखवला गेला. म्हैसूरच्या यादवगिरीतले नारायण यांचे घर आज संग्रहालय म्हणून जपले गेले आहे. वादाचे पक्षकार उरले नाहीत; पुस्तक आणि चित्रपट दोन्ही उरले आहेत, आणि दोन्हींना नवे वाचक-प्रेक्षक मिळत आहेत.

म्हणून इथे बसलेल्या शिक्षकांना माझी विनंती आहे की, चित्रपट पाहून वर्गात आलेल्या मुलाला ‘आधी पुस्तक वाच’ म्हणून दटावू नये. चित्रपट त्याने जरूर पाहावा आणि मग त्याच्या हातात पुस्तक द्यावे. ‘पुस्तक चांगले की चित्रपट?’ हा प्रश्न मात्र त्याला विचारू नये. तो प्रश्न मुलाला पंच बनवतो, वाचक बनवत नाही. त्याला एवढेच विचारावे : पुस्तकाने मोकळे ठेवलेले काय चित्रपटाने पक्के केले? आणि पुस्तकाने न दाखवलेले काय चित्रपटाने उजेडात आणले? पहिल्या प्रश्नाच्या उत्तरात त्याला पाऊस सापडेल, दुसऱ्याच्या उत्तरात रोझी. हे दोन्ही ज्याला दिसले, त्याला दोन तटांपैकी एकात नाव नोंदवण्याची निकड राहणार नाही.

आणि माझ्या विद्यार्थिमित्रांनो, तुमच्यासाठी एक शब्द. राजूच्या आयुष्यातली सारी घसरण एका सवयीपासून सुरू झाली. ‘मला ठाऊक नाही’ हे त्याला कधी म्हणता आले नाही. परीक्षेत ते लिहून गुण मिळत नाहीत हे खरे. परंतु चांगले पुस्तक मिटल्यावर काही काळ ‘मला अजून ठाऊक नाही’ असे स्वतःशी म्हणता येणे, ही वाचनाची पहिली पायरी आहे. ज्या गुरुवर्यांचे आपण आज स्मरण करीत आहोत, त्यांनी या शाळेच्या वर्गांत वर्षानुवर्षे हीच पायरी मुलांना चढायला शिकवली, अशी माझी समजूत आहे. त्यांच्या स्मृतीला अभिवादन करून मी माझे भाषण पुरे करते.